एकांत आणि मार्ग : स्मृतिस्थळाच्या आधारे एक विचार

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात गोदातीरी पांचाळेश्वर हे क्षेत्र आहे. श्रीदत्तात्रेय प्रभूंच्या संबंधाने पावन झालेले आत्मतीर्थ ते हेच. पर्वकाळी तेथे साधू, तपस्विनी आणि वासनिक मंडळी दूरदूरच्या गावांहून येतात. येताना ती समूहाने येतात, एकमेकांस दंडवत घालतात, एका पंक्तीला बसतात. परंतु प्रत्यक्ष स्थानापाशी आल्यावर समूह थांबतो आणि एकेक जण पुढे होऊन माथा टेकवितो. स्थानाला मस्तक लावण्याची क्रिया समुदायाला करता येत नाही. मागे कितीही मंडळी उभी असली तरी त्या क्षणी स्थान आणि तो एक जीव एवढेच असते. मग तो बाजूला होतो, दुसऱ्याला वाट देतो आणि पुन्हा मंडळींत मिसळतो.

या साध्या व्यवहारात एक जुना प्रश्न दडलेला आहे. जीवाने परमेश्वराची वाट एकट्याने चालावयाची, की मार्गातील इतरांसह? एकट्याने चालावयाची तर मठ, मंडळ, आचार्यपरंपरा, आम्नाय यांचे प्रयोजन काय? आणि सर्वांसह चालावयाची तर एकांताविषयी स्वामींनी जे निरूपण केले त्याचे काय करावयाचे? प्रश्न केवळ अनुसरलेल्यांचा नाही. गावात चार घरे उपदेशींची आणि चारशे घरे इतरांची असतात, तेथे राहणाऱ्या गृहस्थालाही तो रोज पडतो. त्याचे रूप तेवढे वेगळे असते.

प्रथम शास्त्राची बाजू पाहावी. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत, हा महानुभाव तत्त्वज्ञानाचा पाया. परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध आणि जीव बद्धमुक्त. येथे जीव ही एकच एक वस्तू नाही. जीव अनंत आहेत आणि प्रत्येक जीव दुसऱ्यापासून वेगळा आहे. प्रत्येकाला लागलेली अविद्या त्याची त्याची, प्रत्येकाचे कर्म त्याचे त्याचे. अद्वैतमतात जीवाचे वेगळेपण हा भ्रम ठरतो आणि तो फिटला की वेगळेपणही उरत नाही. महानुभाव मतात तसे नाही. जीवाचे वेगळेपण खरे आहे. मुक्त झालेला जीव परमेश्वराच्या आनंदाचा भोक्ता होतो, तेथेही तो परमेश्वरात विरून जात नाही. मोक्षापर्यंत आणि मोक्षातही ज्याचे वेगळेपण शास्त्राने राखले, त्या जीवाला समुदायात असताना ते टाकावयास सांगणे शास्त्राला धरून होणार नाही.

यातून एक कठोर गोष्ट निघते. मंडळाच्या पुण्याईवर कोणी तरत नाही. गुरूचे ज्ञान शिष्याची अविद्या परस्पर फेडीत नाही, पतीच्या अधिकाराने पत्नीचा अधिकार ठरत नाही. दामोदर पंडितांच्या घरी विरक्तीची ओढ आधी त्यांच्या पत्नीस लागली आणि पंडित मागाहून अनुसरले, ही कथा पंथात सर्वांस परिचित आहे. त्या काळच्या घरात हे किती अवघड होते याचा विचार सहसा केला जात नाही. घरचा कर्ता विद्वान, गानकुशल, मान्यता पावलेला. तरी त्याची वाट न पाहता त्या स्त्रीने आपल्या जीवाचा प्रश्न आपला मानला, आणि मार्गानेही तो तिचाच मानला.

आचाराकडे वळले तर एकांताचा आग्रह अधिकच तीव्र दिसतो. जेथे कोणी ओळखीचे नाही अशा ठिकाणी असावे, गावाच्या शेवटी झाडाखाली बसावे, घरे न निवडता भिक्षा करावी, विजनी बसून स्मरण करावे, असा स्वामींच्या निरूपणाचा रोख आहे. ओळख वाढली की मान येतो, मानामागून अपेक्षा येते आणि अपेक्षा आली की स्मरणाचे धागे सुटतात, हे त्यामागचे कारण. मठाच्या ओसरीवर बसून हा भाग वाचणाऱ्यास थोडी अस्वस्थता वाटली पाहिजे. ती वाटत नसेल तर वाचन वरवरचे झाले.

लीळाचरित्राची रचनाही येथे पाहण्याजोगी आहे. त्याचे तीन भाग : एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध. एकांकात स्वामी एकटे आहेत. सालबर्डीच्या डोंगरापासून पुढे त्यांचे जे एकाकी भ्रमण झाले, त्या काळच्या लीळा त्यात आल्या. पैठणला संन्यास स्वीकारल्यापासून पूर्वार्ध सुरू होतो. तेथे बाइसा येतात, भक्तजन जमू लागतात. नागदेवाचार्य अनुसरल्यानंतर उत्तरार्ध. ग्रंथ पुढे जातो तसा परिवार वाढत जातो. आणि शेवटी सुमारे इ. स. १२७४ मध्ये स्वामी उत्तरापंथे गमन करतात, तेही परिवारास मागे ठेवूनच. म्हणजे ज्या ग्रंथातून परिवाराची ओळख होते, त्याच्या दोन्ही टोकांना एकटेपण आहे. यावरून मधला परिवार गौण होता, असे अनुमान मात्र कोणी काढू नये. त्या परिवारातील प्रत्येक व्यक्ती लीळाचरित्रात आपापल्या स्वभावासह आली आहे. महादाइसा प्रश्न विचारते आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारते. तिच्या या चर्चक वृत्तीचे स्वामींना कौतुकच होते. म्हाइंभट विद्येच्या अभिमानाने वाद घालण्यास येतात. बाइसांची सेवा हट्टाची आहे, भटोबासांची निष्ठा बालसुलभ आहे. स्वामींच्या सन्निधानात या सर्वांस एका साच्यात घातले गेले नाही. नावांतही हेच दिसते. महादाइसा, हिराइसा, भटोबास, केसोबास या नावांत पहिला भाग ज्याचा त्याचा आणि मागचा आदराचा प्रत्यय सर्वांचा.

सन्निधान होते तोवर एकांत व सहवास यांत विरोध उभा राहण्याचे कारण नव्हते. ज्याच्यासाठी एकांत करावयाचा तो समोरच होता आणि ज्याच्याभोवती सर्व जमले तोही तोच होता. विरोध उभा राहिला तो असन्निधानात. स्वामींच्या गमनानंतर मंडळी ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. सुमारे बारा वर्षांनी प्रभूंनीही देह ठेवला. आता पुढे काय, हा त्या मागे राहिलेल्या मंडळींचा प्रश्न ज्या ग्रंथात नोंदला गेला तो ग्रंथ म्हणजे स्मृतिस्थळ. डॉ. अ‍ॅन फेल्डहाउस आणि डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी १९९२ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा त्यास जे शीर्षक दिले त्याचा अर्थ ‘परमेश्वराच्या अनुपस्थितीत’ असा होतो. शीर्षक नेमके आहे. गंगातीरीच्या निंबा गावी नागदेवाचार्यांभोवती जमलेले ते लोक परमेश्वर समोर नसताना एकमेकांसह कसे राहावे, हे शिकत होते.

आणि येथेच मार्गाचे खरे प्रयोजन स्पष्ट होते. असन्निधानात साधन उरले ते स्मरणाचे. स्मरण म्हणजे लीळांचे स्मरण. परंतु सर्व लीळा पाहिलेला एकही मनुष्य नव्हता. नागदेवाचार्य उशिरा अनुसरलेले, त्याआधीचे पुष्कळसे त्यांच्या डोळ्यांदेखतचे नव्हे. बाइसांनी पाहिले ते दुसऱ्या कोणी पाहिले नाही, आणि कुठल्याशा गावच्या गृहस्थाच्या ओसरीवर स्वामी एक रात्र राहिले तर ती रात्र त्या घरच्या माणसांखेरीज कोणास ठाऊक नव्हती. ज्याला संपूर्ण स्मरण करावयाचे त्याला दुसऱ्याकडे जाणे भाग होते. ऋद्धिपुरास वाजेश्वरीच्या देवळात नागदेवाचार्य लीळांचे मनन करीत बसत. म्हाइंभटांनी ते पाहिले, विचारले, आणि हे लिहून ठेवावे असा विचार त्यांच्या मनात आला. सुमारे इ. स. १२७८ च्या या घटनेतून लीळाचरित्र निर्माण झाले. आचार्यांनी स्वतःस माहीत होते ते सांगितले, राहिलेल्या लीळांसाठी म्हाइंभटांना ज्याच्या त्याच्याकडे जावे लागले. वादविवादात प्रतिपक्षास जिंकण्यासाठी निघालेला पंडित आता गावोगाव साध्या माणसांसमोर बसून त्यांचे म्हणणे टिपून घेऊ लागला. म्हाइंभटांचे अनुसरण नेमके कोणत्या दिवशी घडले हे चरित्रात आहेच, पण विद्येचा अभिमान खऱ्या अर्थाने सुटला तो या फिरण्यात, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे तो ग्रंथही हातचा गेला. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवर झालेल्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. मग ज्यांना जेवढे पाठ होते तेवढे त्यांनी सांगितले. एकपाठी म्हणून ख्यात असलेल्या हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास अशांच्या स्मरणातून लीळाचरित्र पुन्हा उभे राहिले. साहजिकच पाठ जुळेनात. एकाच्या स्मरणात स्वामी अमुक ठिकाणी बसले होते, दुसऱ्याच्या स्मरणात दुसरीकडे. एकाला प्रश्न विचारणारी व्यक्ती आठवते ती महादाइसा, दुसऱ्याला आणखी कोणी.

या ठिकाणी मंडळाने काय केले हे लक्षपूर्वक पाहावे. दोन वाटा सहज सुचण्यासारख्या होत्या. आचार्याने एक पाठ निवडून बाकीचे रद्द करावेत, म्हणजे मार्गात एकवाक्यता राहील. अथवा ज्याने त्याने आपला पाठ घेऊन वेगळे व्हावे. पहिल्या वाटेने व्यक्ती गेली असती, दुसरीने मार्ग. त्यांनी यांपैकी काहीच केले नाही. ग्रंथ एकच ठेवला आणि जेथे भेद होता तेथे ज्याची वासना त्याच्या नावानिशी नोंदली. परशरामबास असे म्हणतात, रामेश्वरबास असे म्हणतात, एका वासनेप्रमाणे असे घडले. स्वामींच्या लीळेइतक्या पवित्र विषयातही मंडळाने आपल्या माणसाचे वेगळे म्हणणे पुसले नाही. आपले म्हणणे वेगळे म्हणून त्या माणसानेही मंडळ सोडले नाही. १९७८ मध्ये डॉ. वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राची आवृत्ती सिद्ध केली. त्यांना आणि त्यांच्या आधीच्या व नंतरच्या संपादकांना या वासनाभेदांनी पुष्कळ श्रम दिले. संशोधकाला ते पाठभेद वाटतात. साधकाला त्यांत एक आचार दिसावयास हवा.

मंडळाची सत्ता व्यक्तीवर चालतच नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. स्मृतिस्थळातील केसोबासांचा प्रसंग प्रसिद्ध आहे. केसोबास संस्कृतज्ञ. रत्नमालास्तोत्र त्यांनी संस्कृतात रचले होते आणि पुढेही त्याच भाषेत रचना करण्याचा त्यांचा मानस होता. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. संस्कृतात लिहिले तर मार्गातील म्हाताऱ्या बायांना त्याचा लाभ होणार नाही, त्या वंचित राहतील, एवढेच कारण त्यांनी दिले. आज या प्रसंगाचा उल्लेख मराठीच्या अभिमानासाठी केला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. एका विद्वानाच्या ठिकाणी जे सर्वांत सरस होते, त्याला मंडळातील सर्वांत दुर्बळ व्यक्तीसाठी मर्यादा घातली गेली, हा त्यातील गाभा. मर्यादा घालणाऱ्याने राजसत्तेचे, बहुमताचे किंवा स्वतःच्या प्रतिष्ठेचे कारण पुढे केले नाही. आणि मर्यादा घातल्याने केसोबासांची प्रज्ञा वाया गेली का? सूत्रपाठ त्यांनी सिद्ध केला. लीळांतून सूत्रे वेचून ती आचार, विचार इत्यादी प्रकरणांत बसविणे हे काम शास्त्रबुद्धीच्या पंडितालाच साधणारे होते. दृष्टांतपाठही त्यांचाच. रत्नमालाही कोणी फेकून दिली नाही.

समुदाय व्यक्तीकडून त्याग मागतो तेव्हा तो कोणासाठी मागतो, हे पाहण्याची कसोटी या प्रसंगातून मिळते. ओसरीच्या कोपऱ्यात बसलेल्या निरक्षर वृद्धेसाठी मागितलेला त्याग आणि मंडळाच्या नावलौकिकासाठी मागितलेला त्याग यांत महदंतर आहे. दुसऱ्या प्रकारचा त्याग मागण्याचा मोह प्रत्येक पिढीतील चालकांना होतो.

कवीची गोष्ट याहून नाजूक. नरेंद्र कवींचे रुक्मिणीस्वयंवर ऐकून रामदेवराव यादव इतका संतुष्ट झाला की ग्रंथावर आपले नाव घालण्यासाठी त्याने द्रव्य देऊ केले, आणि नरेंद्रांनी ते नाकारले. नाकारताना त्यांनी पुढे केलेले कारण मोठे अर्थपूर्ण आहे. आपल्या स्वतःच्या कीर्तीचा प्रश्न त्यांनी काढला नाही. असे केल्याने कवींच्या कुळास दोष लागेल, असे ते म्हणाले. दरबारात एकटा उभा असलेला मनुष्य राजाला नकार देऊ शकला, तो आपण एका कुळाचे आहोत या जाणिवेच्या बळावर. व्यक्तित्वाचा कणा कधी कधी आपलेपणातूनच येतो. जो कोणाचाच नाही त्याला राजाचे होणे सोपे जाते.

भास्करभट्ट बोरीकरांचे तसे नव्हते, त्यांची परीक्षा आपल्याच माणसांत झाली. त्यांनी शिशुपाळवध हे काव्य रचले. चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ही रचना. ती त्यांनी भावेदेवबासांना दाखविली. ग्रंथ उत्तम आहे, पण शृंगाराकडे झुकलेला असल्याने निवृत्तांच्या कामाचा नाही, असा अभिप्राय मिळाला. गुरुबंधूकडून आलेले असे शब्द परक्याच्या टीकेपेक्षा खोल लागतात. भास्करभट्टांपुढे रागावून जाण्याची वाट होती, पोथी नदीत सोडण्याचीही होती. त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावर उद्धवगीता लिहिली. पुढे तेच कवीश्वरबास म्हणून आचार्यपदी आले आणि कवीश्वर आम्नाय त्यांच्या नावाने चालला. हा भाग बहुतेकांस ठाऊक असतो. परंतु शिशुपाळवधाचे काय झाले? पंथाने आदराने जतन केलेल्या साती ग्रंथांत रुक्मिणीस्वयंवर, वछाहरण, ज्ञानप्रबोध, सह्याद्रिवर्णन, ऋद्धिपूरवर्णन आणि उद्धवगीता यांच्या पंक्तीला शिशुपाळवधही आहे. निवृत्तांच्या कामाचा नाही असे ज्याविषयी बोलले गेले, तोच ग्रंथ निवृत्तांनी शतकानुशतके स्वतःच्या हाताने उतरवून घेतला. मंडळाने आपले मत सांगितले आणि कवीचे काव्यही राखले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात याचा याहून स्पष्ट दाखला शोधावा लागणार नाही.

सर्वच इतिहास असा उजळ नाही. आचार्यपरंपरेच्या पुढील काळात आम्नाय वेगळे झाले, त्यांची संख्या तेरापर्यंत गेली. आज उपाध्ये व कवीश्वर हे दोन विशेष प्रभावी आहेत. अर्थनिर्णयातील भेद हे एक कारण होते आणि ते समजण्यासारखे आहे. पण वासनाभेद एका ग्रंथात नांदविणाऱ्या मार्गाला माणसे एका मंडळात नांदविणे नेहमी साधले नाही, हेही कबूल केले पाहिजे. सकळ, सुंदरी, वज्र अशा सांकेतिक लिप्या आल्या. त्यांनी पोथ्या राखल्या, बाहेरच्या अनादरापासून वाचविल्या. त्याबरोबरच विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा करीपर्यंत मराठी माणूस आपल्याच भाषेतील आद्य गद्याला मुकला. म्हाताऱ्या बायांनी वंचित राहू नये म्हणून जी भाषा निवडली, तिच्यावर पुढे कुलूप बसले. संकटात सापडलेला समुदाय असे करतो आणि त्यास दोष देणे सोपे नाही. संकट सरल्यावरही कुलूप मनात राहते, हा त्यातील खरा धोका.

आता गृहस्थाकडे वळावयाचे. त्याला एकांत आज्ञेने मिळत नाही, परिस्थितीने मिळतो. बीड जिल्ह्यात याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. पाऊस कमी, जमीन हलकी. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, अनेक कोयत्यांची टोळी होते आणि फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते आणि गाडी वा ट्रक भरल्याशिवाय दिवस संपत नाही. गावी परतणे पाडव्याच्या सुमारास किंवा त्याहून उशिरा.

अशा टोळीत उपदेश घेतलेले एखादेच जोडपे असेल तर त्याच्या वाट्याला कोणता धर्म येतो? मार्गशीर्षातील दत्तजयंती फडावरच जाते, आत्मतीर्थाची वाट त्यांना त्या दिवशी चालता येत नाही. श्रावणातील अष्टमी आणि भाद्रपद शुद्ध द्वितीयेचा स्वामींचा अवतारदिन तेवढा गावी असताना साधतो. साधूला जो अपरिचित देश साधनेसाठी सांगितला तो याला पोटासाठी भोगावा लागतो. साधू झाडाखाली स्वेच्छेने बसतो, हा कोपीत नाइलाजाने. दोघांची स्थिती सारखी आहे असे म्हणणे म्हणजे कष्टकऱ्याची थट्टा होईल. तरीही एक गोष्ट दोघांना सामाईक उरते. ऊस सोलताना घेतलेल्या नामाला मंडपही लागत नाही आणि सोबतीही लागत नाही. परमेश्वरापुढे जीव एकटा आहे हे तत्त्व ज्ञानपाठात ऐकून कळणे वेगळे आणि फडात कळणे वेगळे.

मग मंडळाकडे काय उरते? अशा माणसाचे नाव लक्षात ठेवणे उरते. पंजाबात जयकृष्णी म्हणून ओळखली जाणारी मंडळी होती, पेशावर-काबूलपर्यंत मार्गाचा प्रसार झाला होता, आणि इतक्या दूरवर मराठी पोथ्या वाचल्या व जपल्या गेल्या. ते घडले याचे कारण तिकडे जाणारे आणि तिकडून येणारे कोणीतरी असे, अंतराने नाते तुटले नाही. हजारो कोसांवरील बांधवांशी जे साधले ते चार जिल्ह्यांपलीकडच्या फडावर साधावयास हवे. पर्वाला कोण आले याची मोजदाद उत्साहाने होते. कोण येऊ शकले नाहीत आणि का, याची विचारपूस क्वचित होते. पाडव्यानंतर परतलेल्या कुटुंबाला कोणी दोन शब्द विचारले, घरी ज्ञानपाठ ठेवला, तर त्यांना मार्गाचे असणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही. नाही तर पुढची पिढी नामधारक म्हणजे केवळ नावाची उरते.

गावातील प्रश्न आणखी निराळा. अन्यदेवतांच्या भक्तीपासून व्यावृत्ती ही उपदेश घेतल्याची पहिली खूण. परंतु गावाचा संसार देवतांभोवती फिरतो. जत्रा, नवस, बळी, पोळा, वेशीवरच्या देवाची वर्गणी. उपदेशी कुटुंब यातून बाजूला राहते तेव्हा गाव दुखावते, आणि मुलांना शाळेत बोलून घ्यावे लागते. येथे पुष्कळ जण दोन टोकांना जातात. काही जण भीडेपोटी सर्व करतात आणि घरी येऊन मन खातात. काही जण देवतेबरोबर शेजाऱ्यालाही टाकतात. दुसरी चूक पहिलीपेक्षा लहान नाही. शास्त्राने वर्ज्य केली ती अन्य उपासना, माणूस वर्ज्य केला नाही. तिरडीला खांदा देणे, विहिरीचा गाळ काढणे, बाळंतिणीकडे रात्री धावणे, दुष्काळात कडबा वाटून घेणे यांत कोणत्याही देवतेची भक्ती नाही. वर्गणीविषयी मतभेद संभवतो. देवतेच्या विधीसाठी देऊ नये हे उघड आहे. त्याच जत्रेत पाणी पाजण्याचा किंवा शाळेच्या भिंतीचा भार उचलण्यास काय हरकत आहे, असे विचारणाऱ्यास मात्र गप्प करू नये. स्वामी स्वतः सर्व वर्णांच्या दारी भिक्षेस गेले. ज्या दारी भिक्षा घेतली त्या दाराशी नाते तोडा, असा अर्थ त्यातून निघत नाही.

मठातील नवशिक्या साधूचा प्रश्न पुन्हा याच्या उलट. त्याला चोवीस तास सोबत आहे आणि विजन मिळत नाही. पाहुणे, पारायणे, उपहार, बांधकाम, वर्गणीच्या पावत्या यांत दिवस जातो. त्याने एखाद्या दिवशी रानात जाऊन बसण्याची आज्ञा मागितली तर ती आळसाची मागणी समजली जाऊ नये. आज्ञा मागतो आहे तोवर तो मार्गाचाच आहे. न मागता निघून जाऊ लागला, किंवा मागणेच विसरला, तर चिंतेचे कारण.

ज्ञानपाठात लीळाचरित्राचे वाचन चालते तेव्हा वासनाभेदाची जागा येते. वेळ थोडा असतो, श्रोते थकलेले असतात, आणि वाचणारा एक पाठ वाचून पुढे जातो. दुसरा पाठ अर्ध्या ओळीचा असतो. तो वाचण्यास श्वासभरही वेळ लागत नाही. सातशे वर्षांपूर्वी कोणा एकाला ती लीळा थोडी वेगळी आठवली होती आणि मंडळाने त्याचे नाव लिहून ठेवले होते. ते नाव मोठ्याने उच्चारावे, आणि मग पुढील लीळा घ्यावी.